ज्येष्ठांचे पडणे टाळता येते : देखरेख कोणाची, केव्हा आणि कशी?



रविवारच्या वंदनेला विहारात एखादी नेहमीची जागा रिकामी दिसते. चौकशी केली की उत्तर मिळते, "आजी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. केईएमला नेलंय." ऐकणारा हळहळतो आणि म्हणतो, "वय झालं, चालायचंच." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले की या अंकाच्या आरोग्य पानावर याच विषयाचा अभ्यास घ्यायचे ठरवले.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. म्हातारपण टाळता येत नाही, हे खरे. पण म्हातारपणातले पडणे बऱ्याच वेळा टाळता येते. कोण पडू शकेल, कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी, याचा अंदाज आधी येतो. अंदाज असूनही त्या वेळी जवळ कोणी असायचे, हे जिथे ठरलेले नसते, तिथे माणूस पडतो.

आमच्या परिचयातील एका आजींचे उदाहरण घेऊ. त्यांचे आणि संबंधितांचे नाव सांगत नाही. आजींचे सगळे आयुष्य नायगावच्या चाळीत गेले. यजमान गिरणीत होते, ते वारले. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला. आजींना मधुमेह, रक्तदाब, एका डोळ्याने कमी दिसायचे आणि आधी एकदा मोरीत घसरून पडलेल्या. दिवसभर घरी एकटे ठेवायची भीती वाटली म्हणून मुलाने त्यांना एका खासगी केअर सेंटरमध्ये ठेवले. दाखल करताना कागदावर 'पडण्याचा धोका जास्त' अशी नोंदही झाली. तिसऱ्या आठवड्यात पहाटे तीनच्या सुमारास आजींना लघवीला लागली. त्यांनी बेल वाजवली. मजल्यावर एकच मावशी होत्या आणि त्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत एका आजोबांचे कपडे बदलत होत्या. आजींनी थोडी वाट पाहिली, मग स्वतःच उठल्या. बाथरूमच्या दाराशी ओली फरशी होती. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण त्यानंतर आजी आधाराशिवाय कधीच चालल्या नाहीत.

मुलाने विचारले, "रात्री आईकडे लक्ष कोणाचं होतं?" उत्तर मिळाले, "सगळेच लक्ष ठेवतात." या उत्तरातच त्या रात्रीचे कारण आहे. सगळ्यांनी ठेवायचे लक्ष हे कोणाच्याच अंगावर नसते.

पडणे ही किती मोठी गोष्ट आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्ते अपघातांनंतर पडण्याचा क्रमांक लागतो, आणि पडून मृत्यू पावणाऱ्यांत साठीच्या पुढच्यांची संख्या सर्वांत जास्त आहे. याच संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार पासष्टीच्या पुढची १०० माणसे घेतली तर त्यांतली २८ ते ३५ माणसे वर्षातून एकदा तरी पडतात. वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्यांत हे प्रमाण ३० ते ५० पर्यंत जाते. तिथे माणसे जास्त पडतात, कारण मुळात जास्त अशक्त आणि आजारी माणसेच तिथे असतात. म्हणूनच अशा ठिकाणी देखरेख घरापेक्षा जास्त लागते.

खुब्याचे हाड मोडणे हे हात मोडण्यासारखे नाही. माणूस अंथरुणाला खिळतो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते. खुबा मोडलेल्या ज्येष्ठांपैकी साधारण पाचातला एक किंवा त्याहून जास्त जण वर्षभरात दगावतात, असे अनेक देशांतील अनुभव सांगतात. जे वाचतात त्यांच्यापैकी बरेच जण पूर्वीसारखे चालत नाहीत.

हाड मोडले नाही तरी भीती बसते. "परत पडेन" या धास्तीने माणूस चालणे सोडतो. चालणे सुटले की पायांतली ताकद जाते आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. विहार सुटतो, शेजार सुटतो, बोलणे कमी होते. घरात बसून माणूस खचत जातो.

जास्त धोका कोणाला?

खालीलपैकी दोन-तीन गोष्टी एकाच माणसात आढळल्या तर त्याला जास्त धोक्यातला समजावे.

१. गेल्या वर्षभरात एकदा तरी पडलेला माणूस. ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे. जो एकदा पडला, तो पुन्हा पडू शकतो. पुष्कळ ज्येष्ठ पडल्याचे घरात सांगत नाहीत, कारण "आता बाहेर सोडणार नाहीत" अशी भीती असते. म्हणून रागावून नव्हे, आपुलकीने विचारावे.

२. उठल्यावर चक्कर येणे. झोपून किंवा बसून एकदम उभे राहिल्यावर काहींचा रक्तदाब खाली येतो. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा आकडा १० ने उतरला, तर ते डॉक्टरांना दाखवायचे लक्षण आहे. दवाखान्यात बसून आणि उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजून मागावा.

३. औषधे. झोपेची गोळी, मन शांत ठेवणारी गोळी, सर्दी-खाजेवरची गुंगी आणणारी गोळी, रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी, साखर एकदम उतरवणारे औषध. एकाच वेळी चारपेक्षा जास्त औषधे चालू असतील तर सर्व गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात आणि विचारावे, "यातली कोणती कमी करता येईल?" मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नये.

४. मोतीबिंदू, कमी दिसणे, कमी ऐकू येणे.

५. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा. पायाखाली काय आहे ते कळत नाही. चप्पल पायातून निसटली तरी समजत नाही.

६. पक्षाघात, कंपवात, गुडघेदुखी, अशक्तपणा.

७. विसराळूपणाचा आजार. आपल्याला आता चालता येत नाही, हेच माणूस विसरतो आणि उठून निघतो. अशा माणसाला "हाक मारा" एवढे सांगून भागत नाही. आपणच जवळ असावे लागते.

८. वारंवार किंवा घाईची लघवी. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, त्यातली प्रत्येक खेप धोक्याची.

घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. खुर्चीपासून ३ मीटरवर खडूने खूण करा. ज्येष्ठाने खुर्चीवरून उठावे, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जावे, वळावे, परत येऊन बसावे. काठी वापरत असतील तर काठी घेऊनच. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चाचणी घेताना एका माणसाने अगदी शेजारून चालावे.

माणूस केव्हा आणि कुठे पडतो?

देखरेख म्हणजे चोवीस तास डोळे लावून बसणे, असे समजले की कोणालाच ती जमत नाही. खरे तर धोक्याच्या वेळा मोजक्या आहेत. पहाटे आणि रात्री लघवीला उठताना. सकाळी अंथरुणातून उठताना. अंघोळीच्या वेळी आणि नंतर ओल्या पायांनी बाहेर येताना. जेवल्यानंतर लगेच, कारण काहींचा रक्तदाब तेव्हाही उतरतो. संध्याकाळी अंधारून येताना, जेव्हा विसराळू माणसे बेचैन होतात. नवीन औषध सुरू झाल्यावरचे पहिले काही दिवस. रुग्णालयातून घरी आल्यावरचे किंवा नव्या जागी राहायला गेल्यावरचे पहिले काही आठवडे. आणि वृद्धाश्रमात असाल तर ड्युटी बदलण्याची वेळ, जेव्हा एक मावशी निघालेली असते आणि दुसरी कपडे बदलत असते.

या वेळा कागदावर लिहून काढल्या आणि प्रत्येक वेळेपुढे एका माणसाचे नाव लिहिले, तर निम्मे काम झाले.

विनयपिटकातला एक धडा

हा विचार आपल्याला परका नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागत भगवान बुद्ध आनंदासह विहारातून फिरत असताना तिथे आले. त्यांनी भिक्खूला विचारले की तुला काय होते आहे, आणि तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे का. कोणी नाही, असे उत्तर आले. इतर भिक्खू तुझ्याकडे का पाहत नाहीत, असे विचारल्यावर तो म्हणाला की मी त्यांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजवले.

ही कथा आपण करुणेची कथा म्हणून ऐकतो. पण तिचा पुढचा भाग आपल्या विषयासाठी अधिक महत्त्वाचा आहे. तथागतांनी संघाला एकत्र बोलावले आणि शुश्रूषा कोणी करायची ते क्रमाने ठरवून दिले. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर शिष्याने, नाहीतर बरोबर शिकणाऱ्या गुरुबंधूने. यांपैकी कोणीच नसेल तर संघाने. आणि जो जबाबदार असून करणार नाही, त्याला दोष लागेल. म्हणजे "सगळ्यांनी लक्ष ठेवा" एवढे सांगून तथागत थांबले नाहीत. जबाबदारी कोणाची, ती नाही पार पडली तर पुढची कोणाची, हे त्यांनी नेमून दिले.

तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. काय हितकर आणि काय अहितकर ते कळावे. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, उलटी उचलताना किळस मानू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टींनी आजाऱ्याला उभारी द्यावी. यातल्या चौथ्या गुणाकडे लक्ष द्या. संडास-लघवीच्या कामाची किळस आली की माणूस ते काम पुढे ढकलतो. "थांबा हो जरा" म्हणतो. म्हातारा माणूस थांबू शकत नाही, तो उठतो आणि पडतो.

देखरेख म्हणजे नेमके काय?

जास्त धोका असलेल्या माणसाबाबत चार गोष्टी ठरलेल्या हव्यात.

पहिली, कोण. प्रत्येक वेळेला एक नाव. सकाळी सून, दुपारी शेजारच्या काकू, रात्री मुलगा. वृद्धाश्रमात प्रत्येक पाळीत त्या खोलीची जबाबदार मावशी कोण, हे ठरलेले असावे. ती दुसऱ्या कामात अडकली तर तिच्या जागी कोण, हेही ठरलेले असावे.

दुसरी, किती जवळ. जास्त धोका असलेला माणूस चालत असताना हाताच्या अंतरावर राहावे. दारात उभे राहून "सांभाळून जा" म्हणणे ही देखरेख नव्हे. पक्षाघात झालेला असेल तर अशक्त बाजूला उभे राहावे. संडासात असताना दार आतून बंद करू देऊ नये. बाहेर, आवाजाच्या टप्प्यात थांबावे. लाज राखायची तर पडदा लावता येतो.

तिसरी, हाकेची वाट न पाहणे. जागेपणी दर दोन तासांनी, झोपण्यापूर्वी आणि रात्री ठरलेल्या वेळी एकदा आपण होऊन विचारावे, "आई, लघवीला जायचंय का?" लघवीची वेळ आपण सांभाळली की घाईने उठण्याचे कारणच उरत नाही. याच फेरीत पाणी, चष्मा, काठी, वॉकर आणि बेल हाताशी आहेत का ते पाहावे.

चौथी, सांगणे. ड्युटी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला तोंडी सांगावे : आज चक्कर आली, आज नवीन गोळी सुरू झाली, आज जुलाब होत आहेत. कागदावरची नोंद कपाटात राहते, तोंडी सांगितलेले कामी येते. दोन्ही हवीत.

एक गोष्ट करू नये. पडू नये म्हणून माणसाला पलंगाला किंवा खुर्चीला बांधू नये. बांधल्याने पडणे थांबत नाही. सुटायच्या धडपडीत इजा वाढते, पाय अशक्त होतात, आणि माणसाचा मान जातो. पलंगाच्या दोन्ही बाजूंचे उंच कठडे लावून ठेवले तर गोंधळलेला माणूस त्यावरून चढून उतरायला जातो आणि आणखी उंचावरून पडतो. त्यापेक्षा पलंग खाली असावा, बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकावेत. झोपेची गोळी वाढवून माणसाला गप्प ठेवणे हेही एक प्रकारचे बांधणेच आहे.

वृद्धाश्रमात ठेवण्यापूर्वी काय विचारावे?

आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवावे लागले म्हणून कोणाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. १० बाय १६ च्या खोलीत, दोघे नोकरीला, अशा घरांची अडचण आम्ही जाणतो. पण पैसे भरण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारा.

रात्री एका मजल्यावर किती माणसे राहतात आणि त्यांच्यासाठी जागे राहणारे कर्मचारी किती? त्यांची ड्युटी किती तासांची? दाखल करताना पडण्याचा धोका तपासता का, आणि धोका जास्त निघाला तर नेमके काय वेगळे करता? बेल वाजवल्यावर कोण येते? शक्य असल्यास संध्याकाळनंतर भेट देऊन बेल स्वतः वाजवून पाहा. बाथरूममध्ये दांडे आहेत का, फरशी कोरडी राहते का? कोणी पडले तर घरच्यांना किती वेळात कळवता, आणि त्यानंतर देखरेखीत काय बदल करता? माणसांना बांधता का?

या प्रश्नांना "काळजी करू नका" असे उत्तर मिळाले, तर काळजी करावी.

इथे आणखी एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. अशा केंद्रांत आणि घरोघरी आया, मावशी, वॉर्डबॉय म्हणून राबणाऱ्यांत आपल्याच वस्त्यांतील भगिनी आणि बंधू आहेत. ब्यूरोमार्फत बारा-बारा तासांची ड्युटी, कमी पगार, सुट्टी नाही. एका मावशीवर संपूर्ण मजला टाकायचा आणि आजी पडल्या की तिलाच कामावरून काढायचे, हा न्याय नव्हे. वरच्या प्रसंगातल्या मावशी रिकाम्या बसल्या नव्हत्या, त्या दुसऱ्या आजाऱ्याचीच सेवा करत होत्या. पुरेसे हात असतील तरच देखरेख होते. कामगारांच्या कामाच्या तासांसाठी बाबासाहेबांनी काय केले हे जाणणाऱ्या समाजाने हा प्रश्न नातेवाईक म्हणून आणि कामगार म्हणूनही विचारला पाहिजे.

कायद्याचीही माहिती ठेवावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण यासंबंधीचा २००७ चा केंद्रीय कायदा मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकतो. प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम असावा आणि वृद्धाश्रमांतील सेवांचा दर्जा राज्य सरकारला ठरवून देता यावा, अशी तरतूद त्यात आहे. हेळसांड होत असेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो.

चाळीतून टॉवरमध्ये जाताना

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळींच्या २०७ इमारती शंभर वर्षांपूर्वी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सार्वजनिक संडास. म्हाताऱ्या माणसाला रात्री लांबलचक, पावसाळ्यात ओल्या गॅलरीतून जावे लागे. पायऱ्या झिजलेल्या. धोका होताच. पण चाळीत एक सोयही होती. दारे उघडी असत. आजोबा निघाले की समोरच्या खोलीतून कोणीतरी विचारायचे, "काय तात्या, सोबत येऊ का?" ही न ठरवता होणारी देखरेख होती.

आता पुनर्विकास होतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाची गोष्ट आहे. संडास घरात आला, लिफ्ट आली. मात्र फरशी गुळगुळीत आहे, बाथरूमला उंबरा आहे आणि दार बंद असते. आत आजी पडल्या तर शेजाऱ्याला कळणार नाही. जुन्या खोलीत अंधारातही हात कुठे टेकायचा हे सवयीने माहीत होते, नव्या घरात ते माहीत नाही. म्हणून नव्या घरात जाणाऱ्यांनी सजावटीच्या आधी पुढील गोष्टी कराव्यात.

संडासच्या आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्के दांडे बसवावेत. टॉवेल अडकवायच्या दांडीवर विसंबू नये, ती वजन पेलत नाही. बाथरूममध्ये न घसरणारी रबरी चटई, बसून अंघोळ करायला पक्के स्टूल. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. वाटेत पायपुसणे, सतरंजी, वायर, चार्जर काहीही नको. सैल हवाई चपलेऐवजी मागे पट्टा असलेली, खरखरीत तळाची चप्पल. साडी, गाऊन किंवा लुंगी पायात येणार नाही इतकी वर. रोजच्या वस्तू हात पोहोचेल अशा उंचीवर, माळ्यावर नको. ज्येष्ठ एकटे असताना दाराची एक चावी शेजारी. चाळीत अजून राहणाऱ्यांनी रात्रीसाठी कमोड खुर्ची किंवा भांडे पलंगाशेजारी ठेवावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

काठीचीही लाज नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांची प्रकृती खालावलेली होती. ते हातात काठी घेऊन आणि नानकचंद रत्तू यांच्या खांद्याचा आधार घेऊन चालत होते. ज्या महामानवाने आपल्याला ताठ मानेने जगायला शिकवले, त्यांनी काठी घ्यायला कमीपणा मानला नाही.

काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या पात्र ज्येष्ठांना ३००० रुपये एकदाच बँक खात्यात देण्याची ही योजना २०२४ मध्ये आली. सध्याची स्थिती समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावी. काठीची योग्य उंची आणि चालण्याचे व्यायाम केईएम, नायर, जे. जे. यांसारख्या रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागात किंवा हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत शिकून घ्यावेत. हात बाजूला सैल सोडून सरळ उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेत यावी.

डॉक्टरांची परवानगी असेल तर आठवड्यातून किमान तीन दिवस ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम करावा. भिंतीला टेकलेल्या खुर्चीवरून दहा वेळा सावकाश उठणे-बसणे, ओटा धरून टाचा उचलणे, सोबतीने चालणे. पाय मजबूत ठेवणे ही देखरेखीचीच दुसरी बाजू आहे.

पडल्यावर काय करावे?

घाईने ओढून उठवू नये. आधी श्वास, शुद्ध, रक्तस्राव पाहावा. बोलते करावे, कुठे दुखते ते विचारावे. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, किंवा कमरेत-मांडीत तीव्र वेदना असेल, तर खुबा मोडला असे समजून हलवू नये. १०८ ला फोन करावा. मान दुखत असेल तरी हलवू नये. अंगावर पांघरूण घालावे. शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून खायला-प्यायला देऊ नये.

डोक्याला मार लागला आणि माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्यावे. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यातला रक्तस्राव काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसून येतो. झोपाळूपणा, उलटी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूची अशक्तता यांवर लक्ष ठेवावे. मधुमेह असेल तर साखर तपासावी.

लागले नसले तरी वहीत लिहावे : तारीख, वेळ, जागा, काय करताना, पायात काय होते, कोणती गोळी घेतली होती. दोन-तीन नोंदी झाल्या की कारण आपोआप समोर येते.

विहाराने काय करावे?

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. विहारात ग्रंथवाचन चालते आणि नेमके याच तीन महिन्यांत जिने, गॅलऱ्या, विहाराची पायरी ओली असते. पंचायतीच्या शाखेने आणि महिला मंडळाने या काळात एवढे करावे. दारात जाड गोणपाट आणि चपलांसाठी बाजूला जागा ठेवावी. ज्येष्ठांसाठी हात असलेल्या खुर्च्या असाव्यात. खाली बसून पाय बधिर झालेल्या माणसाला एकदम उठवू नये. पंचांग प्रणाम करून झटकन उठल्याने चक्कर येते, म्हणून त्यांनी खुर्चीवर बसूनच हात जोडावेत. वस्तीतल्या एकट्या आणि जास्त धोक्याच्या ज्येष्ठांची यादी करावी, आणि प्रत्येक नावापुढे एका कार्यकर्त्याचे नाव लिहावे. त्याने रोज एकदा दार वाजवावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ज्येष्ठांना नेताना गर्दीच्या वेळा टाळाव्यात आणि एका ज्येष्ठामागे एक तरुण ठेवावा.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या घरातील ज्येष्ठ गेल्या वर्षात पडले का? कोणत्या वेळी, कोणत्या जागी?
२. रात्री दहा ते सकाळी सहा त्यांच्यासाठी कोणाचे नाव ठरलेले आहे? ते माणूस नसेल तेव्हा कोण?
३. वरच्या प्रसंगातील आजींचे पडणे कोणकोणत्या तीन ठिकाणी थांबवता आले असते?
४. तथागतांनी शुश्रूषेची जबाबदारी क्रमाने का ठरवून दिली? आपल्या शाखेत असा क्रम कसा लावता येईल?

तो आजारी भिक्खू म्हणाला होता की मी कोणाच्या उपयोगी पडत नाही. आपल्या घरातली कितीतरी म्हातारी माणसे मनातल्या मनात हेच म्हणतात आणि म्हणूनच रात्री हाक न मारता एकटी उठतात. त्यांना हाक मारायला लागू नये, एवढी व्यवस्था आपण करू या. आज रात्री झोपण्यापूर्वी एका कागदावर वेळा लिहा, त्यांच्यापुढे नावे लिहा आणि तो कागद दाराच्या मागे चिकटवा.

जय भीम! नमो बुद्धाय!